मागच्या भिंतीतला झरोका

जुलै १९६३मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, वॉर्ड पार्कवे नावाच्या बाजारसंकुलात, एकमेकांना खेटून दोन चित्रपटगृहं सुरू झाली. एकात चारशे खुर्च्या, दुसऱ्यात तीनशे. दोन्हींची तिकीटखिडकी एक, खाण्यापिण्याचा काउंटर एक आणि प्रोजेक्टरची केबिनही एकच. मालक स्टॅन्ली डरवुड यांनी पुढे याच हिशेबावर एएमसी ही प्रचंड साखळी उभी केली. हिशेब सरळ होता : पडदे वाढले की तिकिटं वाढतात, मग केबिनमधले पगार त्या प्रमाणात वाढू द्यायचे नाहीत.

मल्टिप्लेक्सचा विषय निघाला की आपल्याकडे पॉपकॉर्नच्या किमतीवर बोललं जातं, मराठी चित्रपटांना मिळणाऱ्या वेळांवर भांडण होतं. दोन्ही गोष्टी बोलायलाच हव्यात. पण ज्या खोलीमुळे मल्टिप्लेक्स शक्य झालं, तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. प्रेक्षकाला ती दिसत नाही. दिसतो तो मागच्या भिंतीतला चौकोनी झरोका आणि त्यातून निघालेला प्रकाशझोत. पडद्यावरच्या चित्राचा उजेड, धार, रंग, चौकट हे सगळं त्या झरोक्यामागे ठरतं. गेल्या साठ वर्षांत तिथली यंत्रं सुधारत गेली आणि माणूस एकेक पायरी उतरत बाहेर पडला. यातलं पहिलं आपण कौतुकाने सांगतो. दुसऱ्याचे परिणाम मात्र रोज डोळ्यांनी सोसतो आणि ते आपल्याला कळतही नाहीत.

एकपडदा थिएटरच्या केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी उभे असत. फोटोफोन, वेस्ट्रेक्स ही नावं जुन्या ऑपरेटरांच्या तोंडी अजूनही येतात. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने चालते. एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त फिल्म लागते. ती रिळारिळांनी डब्यांतून येई. एक मशीन चालू असताना ऑपरेटर दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवून सज्ज राही. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-एक सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि त्यासरशी एकाचा प्रकाश बंद, दुसऱ्याचा चालू. साधारण वीस मिनिटांनी पुन्हा हाच ‘चेंजओव्हर’. खाली बसलेल्या हजारभर माणसांना सांधा कळला नाही, तर काम चोख झालं.

फिल्म सलग सरकत नसते. प्रत्येक चौकट भिंगामागे येऊन थांबते, तिच्यातून उजेड जातो, शटर आड येतं, त्या अंधारात पुढची चौकट खाली ओढली जाते. हे थांबणं-सरकणं माल्टीज क्रॉस नावाच्या चार खाचांच्या एका छोट्या पोलादी भागाकडून होतं आणि तो तेलात बुडालेला असतो. शटरला दोन पाती असल्याने एकच चौकट पडद्यावर दोनदा उमटते. त्यामुळे चौकटी २४ असल्या तरी डोळ्याला सेकंदाला ४८ झपके मिळतात आणि लुकलुक जाणवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सापडलेली ही युक्ती शंभराहून अधिक वर्षं टिकली. यंत्रविद्येच्या इतिहासात इतकं दीर्घ आयुष्य फार थोड्या रचनांना लाभलं आहे.

प्रकाश कार्बनचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या टोकाला टोक आणून क्षणभर भिडवायच्या आणि किंचित दूर करायच्या, की मधल्या फटीत विजेची ठिणगी सलग पेटून राहते. तिथलं तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. कांड्या जळत जातात, फट वाढते, उजेड पिवळट पडतो, म्हणून ऑपरेटरला काळ्या काचेतून सारखं पाहत त्या जवळ आणाव्या लागत. धूर बाहेर काढायला प्रत्येक मशीनवर धुराडं असे. उन्हाळ्यात मॅटिनीपासून शेवटच्या शोपर्यंत त्या खोलीत उभं राहणं काय असेल, याची कल्पना केलेली बरी. हे काम करायला सरकारी परवाना लागत असे, आणि तो लागणं रास्तच होतं.

कारण आगीची भीती खरी होती. सुरुवातीच्या काळातली फिल्म नायट्रेटची. ती पेटली की विझवता येत नाही, कारण जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते. मे १८९७मध्ये पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या खेळाच्या जागी आग लागून सव्वाशेच्या वर माणसं गेली. तिथे पहिला भडका उडाला तो प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यामुळे. अशा दुर्घटनांतून जगभर नियम आले. केबिनच्या भिंती आग न लागणाऱ्या सामानाच्या हव्यात, दार बाहेर उघडणारं हवं, आणि झरोक्यांवर लोखंडी झडपा हव्यात, ज्या उष्णतेने दोरी किंवा कडी तुटताच आपोआप खाली पडतील. आपल्याकडच्या १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सेन्सॉरइतकंच महत्त्व परवाना आणि सुरक्षिततेला होतं. विसाव्या शतकाच्या मध्याला नायट्रेट फिल्म बंद झाली, तरी केबिनचा आकार त्या भीतीनेच ठरलेला राहिला. आजही थिएटरच्या मागच्या भिंतीत बारीक झरोके दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे.

महाराष्ट्रात मात्र केबिनचा आणखी एक अवतार होता, चाकांवरचा. जत्रेतल्या तंबू सिनेमात ट्रकच्या मागच्या भागातच प्रोजेक्टर बसवलेला असे आणि तिथूनच झोत तंबूत जाई. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा २०१६चा माहितीपट या फिरत्या सिनेमावाल्यांची अखेरची वर्षं दाखवतो. ज्याला यंत्रावर जीव लावणं म्हणजे काय ते पाहायचं असेल, त्याने तो जरूर पाहावा.

दोन शोधांनी ऑपरेटरची संख्या घटवली. पहिला झेनॉन दिवा. क्वार्ट्झच्या जाड नळीत झेनॉन वायू दाबून भरलेला, त्यात दोन टंगस्टनची टोकं. एकदा पेटवला की शेकडो तास लक्ष द्यायला नको. उजेड पांढराशुभ्र, धूर नाही. धोका वेगळा आहे : थंड असतानाही नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. म्हणून दिवा बदलताना चेहऱ्यावर जाळीचं किंवा प्लास्टिकचं कवच, हातात मोजे आणि अंगात जाड जॅकेट घालतात. क्वार्ट्झला उघडं बोट लागलं तर कातडीचं तेल तापून तिथे डाग पडतो आणि नळी तिथूनच फुटू शकते.

दुसरा शोध जर्मन थिएटरमालक विली बुर्थ यांच्या नावावर आहे : प्लॅटर. सव्वा मीटरहून मोठ्या व्यासाच्या, जात्याच्या तळीसारख्या आडव्या पडलेल्या तीन थाळ्या एकावर एक. चित्रपटाची सगळी रिळं जोडून एकाच थाळीवर गुंडाळायची. फिल्म बाहेरच्या कडेने न सुटता मधून सुटते, रोलरांवरून प्रोजेक्टरमध्ये जाते आणि परत येऊन दुसऱ्या थाळीवर गुंडाळली जाते. गुंडाळताना आरंभ पुन्हा मध्यभागीच येतो, म्हणून उलट फिरवायची गरज नाही. एक शो संपला, की धागा ओवून पुढचा सुरू. चेंजओव्हर नाही आणि दुसरं मशीनही नाही. एक माणूस लांब बोळातून फिरत आठ-दहा पडदे सांभाळू लागला. काही ठिकाणी एकच प्रिंट छताजवळच्या रोलरांवरून शेजारच्या हॉलच्या प्रोजेक्टरमध्ये नेऊन दोन पडद्यांवर काही सेकंदांच्या अंतराने तोच चित्रपट दाखवला जाई. १९७९मध्ये टोरांटोच्या ईटन सेंटरमध्ये अठरा पडद्यांचं सिनेप्लेक्स उघडलं, १९८८मध्ये ब्रसेल्सला पंचवीस पडद्यांचं किनेपोलिस. प्लॅटरशिवाय हे परवडलं नसतं.

किंमत मोजली फिल्मने. एखाद्या रोलरवर कण अडकला तर चार किलोमीटरभर ओरखडा उमटतो, आणि माणूस तिसऱ्या हॉलपाशी असल्यामुळे तो तासाभराने कळतो. एकपडदा थिएटरात फोकस हलला की बाल्कनीतून स्टॉलपर्यंत शिट्ट्या आणि ‘फोकस!’चा ओरडा होई, आणि दहा सेकंदांत हात भिंगाकडे जाई. ऐकणारा माणूस झरोक्याला डोळा लावून बसलेला होता. मल्टिप्लेक्समध्ये प्रेक्षक ओरडेनासा झाला आणि ओरडला तरी ऐकायला कोणी उरलं नाही. माझ्या मते गुणवत्तेची घसरण इथून सुरू झाली. यंत्र तोवर फिल्मचंच होतं आणि डिजिटल यायला बराच अवकाश होता.

भारतात दिल्लीच्या साकेतमधल्या अनुपम थिएटरचं रूप पालटून १९९७मध्ये पीव्हीआरने मल्टिप्लेक्सची सुरुवात केली. महाराष्ट्रात करमणूक करातल्या सवलतीनंतर लाट आली आणि आयनॉक्सचं पहिलं संकुल २००२मध्ये पुण्यात उघडलं.

आता या संकुलांच्या मागच्या बाजूला चला. हॉल दोन रांगांत पाठीला पाठ लावून बसवलेले असतात आणि त्यांच्या मधोमध, वरच्या मजल्यावर, एकच लांब बोळ असतो. दोन्ही बाजूंना ओळीने प्रोजेक्टर, प्रत्येकाशेजारी ध्वनीच्या यंत्रांचा रॅक, वर एक्झॉस्टच्या नळ्या. नकाशा काढताना वास्तुविशारदाने इथे केलेली चूक पुढे कुठलंही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

पहिली चूक उंचीची. झोत शेवटच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यावरून जायला हवा, म्हणून झरोका वर जातो. पण तो फार वर गेला तर प्रोजेक्टर पडद्याकडे तिरका खाली पाहतो आणि चित्राचा चौकोन खाली रुंद, वर अरुंद होतो. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये भिंग वर-खाली सरकवून हे बरंचसं सावरता येतं. सॉफ्टवेअरने कडा कापून सावरलं, तर मात्र चित्रबिंदू वाया जातात आणि धार बोथट होते.

दुसरी गोष्ट काचेची. केबिनमधला पंख्यांचा आवाज हॉलमध्ये जाऊ नये म्हणून झरोक्याला काच लागते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. म्हणजे एका काचेत आठ टक्के, दुहेरी काच असेल तर सोळाच्या आसपास. साध्या काचेत हिरवट झाकही असते. म्हणून परावर्तन रोखणारा लेप दिलेली, लोहाचं प्रमाण कमी असलेली काच वापरायची आणि ती सरळ न बसवता थोडी कलती बसवायची, म्हणजे उलटा फिरलेला उजेड भिंगात शिरून पडद्यावर भुतासारखी दुसरी प्रतिमा उमटवणार नाही. पॉपकॉर्नच्या तेलाचा अंश असलेली हवा सगळ्या संकुलात फिरत असते. ती या काचेवर बसते. आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने पुसायचं काम आहे, खर्च जवळपास शून्य.

तिसरी गोष्ट हवा. चार किलोवॅटचा झेनॉन दिवा म्हणजे जवळजवळ तेवढ्याच ताकदीची शेगडी. तिची गरम हवा स्वतंत्र नळीने इमारतीबाहेर जायला हवी. प्रवाह मंदावला तर प्रोजेक्टरचा संवेदक दिवा बंद करतो आणि ऐन क्लायमॅक्सला पडदा काळा होतो. मॉलच्या सामाईक वातानुकूलनावर केबिन टाकून देणारे बिल्डर हे समजून घेत नाहीत.

फिल्मच्या जागी आलेल्या डिजिटल प्रोजेक्टरचं हृदय बोटाच्या पेराएवढ्या एका चिपमध्ये आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७मध्ये ती शोधली. पुढे त्यासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. टूके चिपवर वीस लाखांहून जास्त सूक्ष्म आरसे असतात, फोरके चिपवर ८८ लाख. प्रत्येक आरसा एका चित्रबिंदूचा. तो सेकंदाला हजारो वेळा कलतो : एका बाजूला कलला की उजेड पडद्यावर, दुसऱ्या बाजूला कलला की अंधार. लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी तीन चिपा आणि मध्ये लोलक. १९९९मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या नव्या भागाने या पद्धतीचे सार्वजनिक खेळ सुरू झाले. हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओंनी एकत्र येऊन २००५मध्ये जगासाठी एकच मानक ठरवलं. चित्रपट आता हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहाने येतो. मानकातली माहितीवहनाची कमाल गती धरली तर अडीच तासांचं चित्र सुमारे २८० जीबीपर्यंत जातं.

ते कुलूपबंद असतं. त्याची किल्ली म्हणजे काही किलोबाइटची वेगळी फाइल. ती चित्रपट चालवणाऱ्या एकाच सर्व्हरला चालते आणि ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच. शुक्रवारी सकाळी ही फाइल आली नाही किंवा चुकीच्या सर्व्हरची आली, तर चित्रपट हाताशी असूनही शो रद्द होतो. पूर्वी ऑपरेटर तुटलेली फिल्म चिकटपट्टीने जोडून दोन मिनिटांत खेळ सुरू करी. इथे त्याच्या हातात फोन लावण्यापलीकडे काही नसतं.

तरीही डिजिटलने मराठी चित्रपटाचं भलं केलं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. प्रिंट महाग होत्या. लहान निर्माता मोजक्या प्रिंट काढी आणि त्याच ओरखडे पडलेल्या प्रिंट जिल्ह्यांतून तालुक्यांत फिरत. निमशहरी प्रेक्षकाला चित्रपट महिन्यांनी आणि पावसाळी दिसे. थिएटरांपर्यंत डिजिटल चित्रपट पोचवणाऱ्या मुंबईच्या यूएफओ आणि चेन्नईच्या क्यूब या कंपन्यांमुळे पुण्यातला आणि परभणीतला प्रेक्षक एकाच शुक्रवारी तेच स्वच्छ चित्र पाहू लागला. या सेवेच्या शुल्कावरून निर्मात्यांचे वाद झाले, २०१८च्या मार्चमध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी नवे चित्रपट रोखून धरले होते. पण चित्र पोचण्याची अडचण सुटली.

सुटली नाही ती उजेडाची. मानक सांगतं की पडद्याच्या मध्यावर पांढरा प्रकाश १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे दर चौरस मीटरला ४८ कँडेला असावा. छायाचित्रकाराने रंगसंस्कार करताना तोच धरलेला असतो. झेनॉन दिवा जुना होतो तसा उजेड उतरतो. दिवा महाग, वीज महाग, म्हणून दिवा ठरलेल्या तासांपलीकडे ओढला जातो किंवा कमी विजेवर चालवला जातो. त्यात काच मळलेली. थ्रीडीसाठी लावलेला चंदेरी पडदा असेल तर मध्यभाग उजळ आणि कडा मंद. २०११मध्ये ‘बोस्टन ग्लोब’चे समीक्षक टाय बर यांनी तिथल्या हॉलमध्ये साधे चित्रपटही प्रोजेक्टरवर राहून गेलेल्या थ्रीडी भिंगातून काळवंडून दाखवले जात असल्याचं उघड केलं. ते भिंग काढायला जाणकार माणूस आणि वेळ लागतो, आणि नेमक्या या दोन गोष्टींत काटकसर झालेली होती. रात्रीचे प्रसंग ज्याने महिनोन् महिने खपून टिपले, त्याच्या कामाची ही हत्या आहे. मी हा शब्द विचारपूर्वक वापरतो.

चौकटीचंही तसंच. चित्रपट साधारण दोन आकारांत येतात, एक रुंद आणि एक तुलनेने उंच. पूर्वी काळे पडदे सरकून पडदा चित्राच्या मापाचा होई. नव्या हॉलमध्ये हे सरकते पडदे खर्च म्हणून गाळले जातात आणि चित्राच्या वर-खाली करड्या पट्ट्या लोंबत राहतात. प्रोजेक्टरचा काळा कधीच पूर्ण काळा नसतो. म्हणून त्या पट्ट्या डोळ्याला खुपतात.

आता लेझर आला आहे. दिवा फुटत नाही, वीज कमी लागते, आयुष्य वीस-तीस हजार तास. आवाज आणि उष्णता इतकी कमी की प्रोजेक्टर बंद पेटीत घालून हॉलच्या छतालाच टांगता येतो. मग केबिनच नको. त्या जागेत खुर्च्यांच्या आणखी एक-दोन रांगा बसतात. २०१७मध्ये सोलमध्ये सॅमसंगने एलईडीचा स्वयंप्रकाशित पडदा बसवला, तिथे झोतही उरला नाही. संकुलातले सगळे शो मुख्यालयातून संगणकावर लावले जातात. लेझरचा उजेड झेनॉनसारखा ठरावीक दिवशी दिवा बदलून ताजा होत नाही. तो वर्षानुवर्षं इतका हळू उतरतो की रोज पाहणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून मोजणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे, आणि मोजणारा माणूस पूर्वीपेक्षा कमी.

माझी मागणी साधी आहे. प्रकाशमापक हातात मावतो आणि एका हॉलची मोजणी काही मिनिटांत होते. चित्रपटगृहांनी प्रत्येक हॉलच्या दाराशी शेवटची मोजणी कधी झाली आणि आकडा किती आला, हे लावावं. लिफ्टमध्ये तपासणीची तारीख लावतात, मग इथे का नको? आणि दर संकुलात, दर शोला, किमान एक प्रशिक्षित माणूस असा असावा की जो पहिली पाच मिनिटं हॉलमध्ये उभा राहून चित्र पाहील आणि आवाज ऐकेल.

वाचकांनाही सांगणं आहे. जाहिराती संपून चित्रपट सुरू झाला की कडांकडे पाहा, चेहऱ्यांवरच्या उजेडाकडे पाहा, अक्षरं कोपऱ्यातही रेखीव आहेत का ते पाहा. काही खटकलं तर इंटरव्हलची वाट पाहू नका. पहिल्या दहा मिनिटांत उठा, ड्युटी मॅनेजरला गाठा, हॉलचा क्रमांक सांगा, नेमकं काय बिघडलं आहे ते सांगा आणि तक्रार लेखी नोंदवून घ्यायला लावा.